कोवाचच्या घरचा लोयझे

बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी एकाचा कोट दुसऱ्याला दिला. बाई दहा मिनिटांत परत आल्या, कोट काउंटरवर आपटला आणि म्हणाल्या, "अहो, हा माझ्या नवऱ्याचा नाही. तो एवढा बारीक असता तर मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली असती." लाँड्रीचा मालक स्टाने आतून वाफेच्या इस्त्रीमागून हसला. "पाव्ला, चिठ्ठी चुकली? तुझी? आता जग बुडणार." मी पण हसले. कोटाच्या काखेत टोचलेली पिवळी चिठ्ठी काढली तर अक्षर माझंच होतं, नाव मात्र भलत्याचंच. इथं माझं काम एवढंच, आलेल्या कपड्याला नावाची चिठ्ठी टोचायची म्हणजे तो ज्याचा त्याला परत जातो. बाईंना त्यांच्या नवऱ्याचा ढगळ कोट शोधून दिला, माफी मागितली, त्या गेल्या. एप्रनच्या खिशात सकाळी आलेलं पत्र होतं. ते मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं होतं, आणि त्यानंतर टोचलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांची मला आता खात्री नव्हती. स्टानेला म्हटलं, डोकं दुखतंय, जाते. तो म्हणाला, "जा बाई, नाहीतर उद्या फादरचा झगा माझ्या अंगावर चढवशील."

सेंट क्लेअर रस्त्यावरून घरी जायला मला पंचवीस मिनिटं लागतात, आज मी ती चाळीस केली. ऑक्टोबर संपत आला होता, बेकरीच्या खिडकीत अक्रोडाच्या पोळीचे गोल गोल रोल रचले होते, सर्व संतांचा दिवस दहा दिवसांवर. लाल काचेतल्या मेणबत्त्याही दुकानदारानं दाराशी मांडल्या होत्या. आमच्या लोकांना जिवंत माणसाच्या वाढदिवसाचा विसर पडेल, पण त्या दिवशी आपल्या माणसाच्या कबरीवर दिवा नाही असं होत नाही. ज्याला कबर नाही त्याचं काय करायचं हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. पत्रातली वाक्यं सभ्य होती. आपण विचारलेल्या सैनिकाच्या सेवेची तपशीलवार कागदपत्रं पाच वर्षांपूर्वीच्या आगीत नष्ट झाली असण्याची शक्यता आहे. त्यांची नेमणूक कोणत्या कामावर होती हे सांगता येत नाही. तरी आपल्या विनंतीवर पुढील कार्यवाही करता येणार नाही, खेद आहे. खाली कुणाची तरी सही, इतकी घाईची की नाव लागत नव्हतं. दोन वर्षं, एकोणीस पत्रं, आणि शेवटी आग. आगीवर रागावता येत नाही, हे मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा नीट कळलं.

माझे वडील मातिया स्तोपार अठराव्या वर्षी युरोपातल्या आपल्या खोऱ्यातून अमेरिकेत, या शहरात आले आणि तारेच्या कारखान्यात लागले. पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात घेतलं ते चोविसाव्या वर्षी, आणि पाठवलं कुठं, तर आगगाडीनं चार तासांवर, याच राज्यातल्या छावणीत. ते फ्रान्सला गेलेच नाहीत. त्यांचा सुटकेचा कागद आमच्या घरी क्रूसाच्या तसबिरीमागे असतो. वर्तणूक, उत्तम. घोडेस्वारी, येत नाही. लढाया, नाहीत. जखमा, नाहीत. सैन्यानं बाबांबद्दल लिहून ठेवलं ते एवढंच, आणि त्यात निम्मं नाही नाहीच आहे. लहानपणी मला त्या कागदाची लाज वाटायची. आमच्या लोकांच्या नॅशनल हॉलमध्ये रविवारी पत्ते रंगायचे तेव्हा बाकीचे चिखलाच्या, तोफांच्या, फ्रेंच बायकांच्या गोष्टी सांगायचे, आणि मग कुणीतरी हमखास विचारायचं, "मात्या, तू कुणाशी लढलास रे? बटाट्यांशी?" बाबा पान टाकत म्हणायचे, "कांद्यांशी. बटाटे शरण आले होते." सगळे हसायचे. ते रडवणारं उत्तर होतं हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली. घरी आई कधी विचारायची, "छावणीत करत तरी काय होतात हो वर्षभर?" तर म्हणायचे, "सांगतील ते." आणि चुलीतली राख हलवायला उठायचे.

रात्रीच्या जेवणानंतर ते आपल्या भाषेतलं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचे. आधी गावाकडच्या बातम्या, मग कोण मेलं, मग शेवटच्या पानावरच्या शोधाच्या जाहिराती. तिकडून बायका लिहायच्या, नवरा अमेरिकेत गेला, पत्र नाही. आया लिहायच्या. त्यातली एक जाहिरात दरवर्षी ईस्टरआधीच्या उपासाच्या महिन्यात यायची, मला ती पाठ होती. 'माझा मुलगा अलोयझी पिर्नात, जन्म १८९६, उंच, उजव्या भुवईवर विळ्याची खूण. सरकार म्हणतं तो सैन्यातून पळाला. माझा मुलगा पळणारा नाही. कुणाला दिसला तर आमच्या फादरना कळवा. त्याला सांगा, मी रागावणार नाही.' खाली पत्ता आमच्याच खोऱ्यातल्या चर्चचा. आई म्हणायची, "अहो, तुमच्याकडचाच की. ओळखत नाही?" बाबा डोकं खाजवायचे. "पिर्नात... नाही बुवा. असेल कुणी डोंगराच्या अंगाचा. केली असेल इथं एखादी आयरिश बायको, आणि विसरला असेल आईला." पुढं पुढं ते नाव आमच्या घरात शब्दासारखं वापरात आलं. शाळेतून उशिरा आलं की बाबा दारातच विचारायचे, "काय गं, पिर्नात झाली होतीस?" मांजर दोन दिवस दिसलं नाही तर ते पिर्नात झालं. शेजारचा भाडेकरू भाडं बुडवून गेला तो पिर्नात. मी शाळेत मैत्रिणींनाही तो शब्द शिकवला होता. दुसरं महायुद्ध लागलं त्या वर्षीपासून जाहिरात बंद झाली, आणि ती बाई मेली असेल असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. शब्द मात्र राहिला. आईच्या आजारपणात चष्मा सापडेना तेव्हा मी स्वतः म्हटलं होतं, तुझा चष्मा पिर्नात झाला, आणि ती हसली होती. ते हसू मी जपून ठेवलं होतं, आता त्याचं काय करू ते कळत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिकडून गाणाऱ्यांचा ताफा आला होता. हॉलमध्ये जेवण होतं, भाजलेले सॉसेज आणि आंबट कोबी, आणि आमच्या टेबलावर चिरिल नावाचे एक निवृत्त मास्तर बसले होते, बाबांच्याच खोऱ्यातले. दोघांची घरांवर घरं निघाली. आमच्या खोऱ्यात माणसाला दोन नावं असतात. एक फादरच्या वहीतलं, ते बाप्तिस्मा, लग्न आणि मरण या तीन वेळांपुरतं बाहेर निघतं. दुसरं घराचं. कोवाच म्हणजे लोहार, पण कोवाचच्या घरात चार पिढ्यांत कुणी हातोडा धरलेला नसतो, तरी त्या घरात जो जन्मेल तो कोवाचचा, घरजावई आला तरी तो कोवाचचा. बाबा मेझ्नारच्या घरचे, म्हणजे चर्चची घंटा वाजवणाऱ्यांचे. स्तोपार हे आपलं आडनाव आहे हे त्यांना बोटीचं तिकीट काढताना ठामपणे कळलं, असं ते सांगायचे. त्या दिवशी रंगात येऊन ते म्हणाले, "आणि कोवाचच्या घरी कोण आहे आता?" चिरिल म्हणाले, "कुणी नाही. घर पडलं. लोयझे इकडे अमेरिकेत सैन्यातून पळाला ना, त्याच्या आईनं हाय खाल्ली. त्याची बहीण नेझा तेवढी आहे, ती झागारच्या घरात दिली." बाबा म्हणाले, "पळाला? कोण म्हणतं पळाला? कोवाचचा लोयझे माझ्या डोळ्यांदेखत मेला. छावणीत. माझ्या हातचं पाणी पिऊन." चिरिलनी काटा खाली ठेवला. "मग तुम्ही कळवलं का नाही? ती बाई वीस वर्षं पेपरात विचारत होती." बाबा म्हणाले, "मी एकही अंक सोडला नाही. कोवाचबद्दल कधी काही आलं नाही." चिरिल म्हणाले, "कोवाच कसं येईल? जाहिरात फादरनं लिहून दिली. अमेरिकेत वहीतलंच नाव चालतं म्हणाला. वहीत ते पिर्नात आहेत." बाबांचा हात पेल्याकडे निघालेला होता, तो तिथंच थांबला. ते माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, त्यांना झटका आला. मी उठून त्यांचे खांदे धरले तर ते हळूच म्हणाले, "पाव्ला, पिर्नात."

छावणीत ते काय करत होते हे मला त्यानंतरच्या आठवड्यात कळलं, स्वयंपाकघरात, तुकड्यातुकड्यांनी. अठरा सालच्या शरदात तापाची साथ आली. इस्पितळ भरलं, मग बराकी भरल्या. बाबांना आपली भाषा, क्रोएशियन आणि कामापुरतं जर्मन येत होतं, म्हणून त्यांना मेलेल्यांच्या कामावर घेतलं. परदेशी पोरांची नावं अमेरिकन सार्जंटला लागत नसत. बाबांनी चेहरा बघायचा, शेजारच्या खाटेवर विचारायचं, आणि सापडलं ते नाव चिठ्ठीवर लिहून पायाच्या अंगठ्याला बांधायचं. रोज आगगाडीनं नवी भरती यायची, काहींना अजून गणवेशही मिळाला नव्हता, गळ्यात बिल्ला नाही, स्टेशनवरून थेट खाटेवर. एका संध्याकाळी पाणी देत जाताना कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, "अरे, मेझ्नारचा मात्या ना तू?" चेहरा निळा पडला होता, डोक्याला ओली पट्टी होती. बाबांनी आवाजावरून ओळखलं. जत्रेत दोघांनी एकदा फादरच्या झाडाची नाशपाती चोरली होती, तेवढीच ओळख. लोयझे म्हणाला, "उद्या बरं वाटलं की बोलू." सकाळी तो गेलेला होता. सार्जंटनं विचारलं, ह्याला ओळखतोस? बाबा म्हणाले, हो. त्या ओळीत अकरा जण होते आणि सातांना नाव नव्हतं. त्यांना नुसते आकडे बांधले. "आणि मी लोयझेची चिठ्ठी लिहिली," बाबा मला म्हणाले. "छान अक्षरात लिहिली, हळूहळू. कोवाच, अलोयझी. त्या दिवशी मला बरं वाटलं गं. महिनाभरात पहिल्यांदा. वाटलं, एकाला तरी मी नाव दिलं." एवढं बोलून ते उठले आणि नळ सोडून नुसतेच हात धूत उभे राहिले. तिकडे सैन्याच्या यादीत पिर्नात नावाचा माणूस हजेरीला नव्हता, म्हणून त्याच्यापुढे पळाला असा शेरा पडला, आणि इकडे ज्याला कुणी विचारलंच नाही असा कोवाच जमिनीत गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरही नव्हता. सगळं बाबांच्या छान अक्षरामुळे झालं होतं.

कधी कधी मला एक भलतंच आठवतं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. बाबा ती जाहिरात वाचत होते, आणि उजव्या भुवईवर विळ्याची खूण इथपर्यंत येऊन थांबले. आई म्हणाली, "पुढं?" बाबा म्हणाले, "पुढं तेच आपलं," आणि चुलीकडे गेले. पट्टीखाली खूण दिसली होती का? दिसली असेल तर मनानं ती ढकलून दिली असेल का? हे मी त्यांना विचारलेलं नाही. विचारणार नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला काय काय विचारायचं. पण रात्री त्यांच्या खोकल्यानं जाग येते तेव्हा तो प्रश्न माझ्या छातीवर बसलेला असतो, आणि मला त्यांचा राग येतो, आणि मग त्या रागाचीच लाज वाटते.

तेव्हापासून बाबा रविवारी चर्चला येतात, पण ख्रिस्तप्रसाद घेत नाहीत. सगळे उठून पुढे जातात तेव्हा ते बाकावर बसून राहतात, आणि मला त्यांना ओलांडून जावं लागतं. फादरनी समजावलं, हे पाप नव्हे मातिया, ही चूक, आणि चुकीची क्षमा झालेली आहे. बाबा म्हणाले, "फादर, तुम्ही माफ केलंत, पण तुमचं काय गेलं होतं?" त्यांना एकच हवं होतं. कबरीच्या दगडावरचं नाव बदलायचं आणि तो पळाल्याचा शेरा पुसायचा. मग नेझाला लिहायचं. आधी नाही. "हात हलवत काय तिच्यापुढे जाऊ? नुसतं चुकलो म्हणायला? आधी दुरुस्त करतो, मग तोंड दाखवतो." म्हणून मी लिहायला लागले. कचेरीचं उत्तर आलं, आपल्या वडिलांचं शपथपत्र विचारात घेता येईल, मात्र ते त्या आठवड्यात त्या कामावर होते याचा सैन्याचा कागद लागेल. कागद शोधायला दुसरी कचेरी, दुसरीनं तिसरीकडे धाडलं. एकदा फोनवर एक बाई फार चांगली बोलली. "ताई, तुमच्या वडिलांवर अविश्वास नाही हो. माझे आजोबाही तसल्याच एका छावणीत होते. पण मी काय करू? मला कागद दाखवावा लागतो." मी म्हटलं, "त्यांच्या कागदावर फक्त नाही नाही लिहिलंय." ती म्हणाली, "जे छावणीतच राहिले त्यांचं तसंच असतं. ते कुठं होते याची कुणाला फिकीर नव्हती." गेल्या वर्षी मी एकटीच बसनं तिथं जाऊन आले. छावणी नाही, शेतं आहेत, आणि कुंपणाच्या आत पांढऱ्या दगडांच्या ओळी. ए. कोवाच सापडायला वेळ लागला नाही. अक्षरं खोल कोरलेली होती, बोट फिरवलं तर कडा हाताला लागत होत्या. दगड असा पक्का बसवला होता की त्याच्याकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याच्यानं होणार नाही.

घरी आले तेव्हा बाबा खिडकीतच होते. आमच्या खिडकीतून कोपऱ्यावरची निळी टपालपेटी दिसते, ती बघत ते दिवस काढतात. पोस्टमन सकाळी येऊन गेल्याचं त्यांनी डुलकीतही ऐकलं असणार.

"लवकर आलीस," ते म्हणाले.

"डोकं दुखत होतं."

"पत्र आलं ना?"

मी कोट काढत होते. या उन्हाळ्यापासून ते फार वाळले आहेत. मान शर्टाच्या कॉलरमध्ये सैल हलते, आणि सूप अर्ध्यावर ठेवतात. डॉक्टरनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं की आता वर्षांचा हिशेब करू नका. मी म्हटलं, "आलं."

"मग?"

त्या एका शब्दात दोन वर्षं होती. आग लागली होती बाबा, असं म्हणायला मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, रस्ताभर मी ते घोळवलं होतं. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे पडलेले होते, आणि उजव्या हाताची बोटं अंगठ्याशी जुळून हलत होती, काहीतरी बारीक गाठ मारत असल्यासारखी. ही सवय मी जन्मभर बघत आले आहे. ते काय बांधतात हे मला आत्ता कळलं.

"झालं म्हणतात," मी म्हटलं. "दुरुस्त करतायत."

त्यांची बोटं थांबली. मग म्हणाले, "वाच."

मी पत्र उघडलं. त्यांना इंग्रजी छापील फारसं वाचता येत नाही, आणि डोळ्यांत मोतीबिंदू. मी त्या खेदाच्या ओळींवर नजर ठेवून आपल्या भाषेत वाचत गेले. आपली विनंती मान्य झाली आहे. अलोयझी पिर्नात यांच्या नावापुढचा शेरा काढण्यात येत आहे. नवीन दगड बसवण्यात येईल. मला इतकं सफाईनं खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षांच्या पत्रव्यवहारानं मला सरकारची भाषा शिकवली होती, ती अशी कामाला आली. मी सहीसुद्धा वाचली. नाव लागत नव्हतं, मी एक ठोकून दिलं.

"बसवण्यात येईल म्हणजे कधी?"

"बसवला, बाबा. बसवलाय म्हणतात."

बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि डोळे न पुसता नाक पुसलं. "रविवारी मला लवकर उठव," ते म्हणाले. "आधी कबुली देतो, मग प्रसाद घेतो." आणि थोड्या वेळानं, "भूक लागली गं." मी बार्लीचं सूप गरम केलं. त्यांनी पूर्ण बशी संपवली, पावानं पुसून घेतली. मी समोर बसून बघत होते आणि मला वाटत होतं, झालं ते बरं झालं, एवढ्यावर संपू दे. खोट्याला जर पोट असतं तर ते एवढ्यावर भरलं असतं. पण बशी सरकवून ते म्हणाले, "आता कागद घे. नेझाला लिहायचं."

"उद्या लिहू."

"उद्या नाही. सर्व संतांचा दिवस दहा दिवसांवर आलाय. विमानाच्या डाकेनं पोचायला हवं. तिला दिवा लावता आला पाहिजे."

"बाबा, आज माझं डोकं..."

"अठ्ठावन्न वर्षं वाट बघायला लावली तिला, आता पुन्हा दोन. तुझ्या डोक्यासाठी अजून थांबायला सांगू?"

मी कागद घेतला. त्यांना सगळं पाठ होतं, दोन वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं. ते खिडकीकडे तोंड करून सांगत गेले आणि मी लिहीत गेले. नेझा, मी मेझ्नारच्या घरचा मातिया. तुझा भाऊ लोयझे पळाला नव्हता. तो तापानं मेला, छावणीत, ऑक्टोबरात. मी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला उद्या बरं वाटलं की बोलू. त्याचं नाव मी लिहिलं आणि चुकीचं लिहिलं, तुमच्या घराचं लिहिलं, मला दुसरं माहीत नव्हतं. तुझी आई पेपरात विचारत होती आणि मी वाचत होतो. आम्ही त्याच्यावर हसलो पण. हे मी लपवत नाही. इथं त्यांनी उगाच पडदा नीट केला, मी पेन उचलून थांबले. मग ते म्हणाले, "आता लिही, सरकारनं शेरा पुसला आहे. दगडावर पिर्नात असं नाव आहे. हे पत्र फादरला दे आणि चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचायला सांग, सगळ्या घरांना ऐकू जाईल असं." माझं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. लिहिल्यासारखं करून पुढे जावं असं मनात आलं. पण बाबांनी हात पुढे केला. "दे इकडे. या खेपेला मी तपासणार." त्यांचं भिंग पत्त्यांच्या डबीत असतं. आपली भाषा ते अजून वाचतात, एक एक अक्षर. मी ते वाक्य लिहिलं आणि कागद दिला. ते भिंग फिरवत बराच वेळ बसले, पिर्नातवर आले तेव्हा ओठ हलले. "बरोबर आहे," ते म्हणाले. अख्ख्या पत्रात एवढंच खोटं होतं, आणि ते माझं होतं.

मग ते म्हणाले, "वसंतात दगडाचा फोटो काढून आण. ती मागेल." मी हो म्हटलं. फोटो ती मागणारच. तिची नातवंडं मागतील, चिरिल पुन्हा येतील आणि म्हणतील, चला, मला दाखवा. तोवर बाबा असतील की नसतील कुणास ठाऊक, आणि मी देवाकडे नेमकं काय मागते आहे हे लक्षात येताच मी पाकीट शोधायला उठले.

"आडनाव काय तिचं?" मी विचारलं.

"कुणाचं?"

"नेझाचं. लग्नानंतरचं. पाकिटावर काय लिहू?"

बाबांनी डोकं खाजवलं. त्यांना माहीत नव्हतं. चिरिलना आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. एवढं सगळं होऊनही विचारलं नव्हतं. क्षणभर माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, "मग चिरिलना लिहून आधी विचारू. घाई नको. चुकीच्या नावानं पाठवलं आणि भलतीकडे गेलं तर?"

बाबा हसले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. दात नसलेलं, मोकळं, नॅशनल हॉलमधलं हसू. "वेडी आहेस. हे काय अमेरिकेत पाठवतेयस? लिही, नेझा, झागारच्या घरी. खाली गाव. तिथला पोस्टमन डोळे मिटून नेऊन देईल."

मी लिहिलं. मोठ्या, स्वच्छ, सुट्या अक्षरात, लाँड्रीतल्या चिठ्ठीवर लिहिते तसं. तिकिटं डब्यात होती, लागतील त्याहून दोन जास्त लावली. कोट अंगावर घेतला तेव्हा बाबा म्हणाले, "पेटीचं झाकण नीट वाजू दे, मला इथं ऐकू येतं." रस्त्यावर अजून उजेड होता. शेजारीण पायऱ्या झाडत होती, तिनं विचारलं, कसे आहेत गं बाबा, आणि मी म्हटलं, आज जेवले. कोपऱ्यावर पोचून मागे वळून पाहिलं तर ते खिडकीत उभे होते, एका हातानं पडदा धरून, दुसरा हात काचेवर. पत्र कोटाच्या खिशात परत सरकवायला एक क्षण पुरला असता. पण माझी पाठ त्यांच्याकडे नव्हती, आणि ती करायला मला सबब सापडली नाही. मी झाकण ओढलं, पत्र सोडलं, झाकण वाजलं. खिडकीतला हात वर झाला. सैन्याला लिहिलेली एकोणीस पत्रं कुठं कुठं हरवली होती, कुणाकुणाच्या टेबलावर पडली होती. हे हरवणार नव्हतं. पाकिटावर घराचं नाव होतं.